भूकंप केव्हा होईल, हे विचारू नका!



भूकंप या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या शाळेत गेलो, की व्याख्यानानंतर पहिला हात वर होतो तो एका ठरलेल्या प्रश्नासाठी. "सर, आपल्या गावात भूकंप केव्हा होईल?" हा प्रश्न मुलेच विचारतात असे नाही. चहाच्या वेळी शिक्षकही तोच प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारतात. मी उत्तर देतो, "ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही." मग वर्गात थोडा हिरमोड होतो. एवढे मोठे विज्ञान, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि पायाखालची जमीन केव्हा हलेल हे सांगता येत नाही म्हणजे काय!

आज मला तुमच्यापुढे एक मत मांडायचे आहे. ते असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. चुकीचा म्हणजे मूर्खपणाचा नव्हे. भीती वाटली की माणूस तो विचारणारच. पण या प्रश्नाच्या मागे धावताना आपण दुसरा एक प्रश्न विसरतो. त्याचे उत्तर आज, आत्ता, तुमच्या घरात बसून मिळण्यासारखे आहे आणि माणसाचा जीव वाचतो तो त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने. तो प्रश्न कोणता, तिकडे आपण हळूहळू जाऊ.

पाठ्यपुस्तकातले उत्तर

"भूकंपाची कारणे लिहा." पाच गुणांचा हा प्रश्न तुम्ही सोडवलेला असेलच. पृथ्वीचे कठीण बाह्य आवरण अखंड नाही. ते लहानमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनलेले आहे. हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकत असतात. कुठे ते एकमेकांपासून दूर जातात, कुठे एकमेकांवर आदळतात, तर कुठे एकमेकांना घासून जातात. या घर्षणाने कडेचे खडक एकमेकांत अडकून बसतात, ताण साठत जातो आणि शेवटी खडक एकाएकी सरकतो. लाकडी पट्टी दोन्ही हातांनी वाकवत नेली, की ती बराच वेळ निमूटपणे वाकते आणि मग कट्‌कन मोडून हातांना झिणझिण्या आणते. तसेच हे. त्या झिणझिण्या म्हणजे भूकंपाच्या लहरी. १९०६ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर जमिनीची मोजणी तपासून रीड या शास्त्रज्ञाने १९१० साली ही कल्पना मांडली. ती आजही टिकून आहे.

आपला भारतीय भूपट्ट उत्तरेकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो आहे. तुमच्या बोटाची नखे वर्षभरात साधारण तेवढीच वाढतात. वेग किती क्षुल्लक! पण सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाला भिडला आणि तेव्हापासून तो रेटा देतो आहे. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. १९०५ चा कांगड्याचा, १९३४ चा बिहार-नेपाळचा, १९५० चा आसामचा आणि २०१५ चा नेपाळचा हे सारे भूकंप याच धडकेचे हप्ते आहेत.

उत्तर बरोबर आहे. पाचपैकी पाच गुण द्यावेत असे आहे. पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबावे का? नकाशा उघडा. भूपट्टाची कड हिमालयात आहे. सातारा किंवा लातूर तिथून हजार किलोमीटरहूनही दूर, भूपट्टाच्या पोटात आहेत. मग पाठ्यपुस्तक वाचून तुमची समजूत काय होईल? "भूकंप तिकडे, हिमालयात. आपण दख्खनच्या पाषाणावर बसलो आहोत. आपल्याला काय त्याचे?"

हीच समजूत एके काळी मोठमोठ्या जाणकारांचीही होती.

एकाच महिन्यातल्या दोन गोष्टी

१९६७ चा डिसेंबर महिना ध्यानात ठेवा. भूपट्ट सिद्धांताला पक्के रूप येण्याचे ते वर्ष. वेगेनरने खंडे सरकतात असे १९१२ सालीच सांगितले होते, पण ती सरकतात कशी हे त्याला समाधानकारक सांगता आले नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याच्या मताविरुद्ध होते. पुढे हेस, व्हाइन, मॅथ्यूज, विल्सन यांनी समुद्रतळाच्या अभ्यासातून पुरावे गोळा केले. १९६७ च्या डिसेंबरअखेर मॅकेन्झी आणि पार्कर यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. भूपट्ट हे ताठ, न वाकणारे तुकडे आहेत आणि सारी उलथापालथ होते ती त्यांच्या कडांवर, असे हा नवा सिद्धांत सांगत होता.

आणि त्याच महिन्यात, ११ डिसेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, भूपट्टाच्या कडेपासून इतक्या दूर असलेले कोयनानगर हादरले. त्या भूकंपाची महत्ता ६.३ च्या आसपास होती. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे मोडकळीस आली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला आधार देऊन ते मजबूत करण्यात आले.

सिद्धांत खोटा ठरला का? मुळीच नाही. पण तो अपुरा आहे, हे मात्र दिसले. एक लाकडी बाकडे भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या बाजूने जोरात रेटा. भिंतीला टेकलेली कड करकरतेच. पण बाकड्याचा मधला एखादा जुना, खिळखिळा सांधाही कुरकुरतो. भारतीय भूपट्टाचे असेच आहे. हिमालयापाशी वाट अडल्यामुळे सगळ्या भूपट्टात दाब भरून राहिला आहे आणि त्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जुने प्रस्तरभंग आहेत. ते बहुधा निजलेले असतात. मेलेले नसतात.

कोयनेला आणखी एक कारण येऊन मिळाले. धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात लहान धक्के जाणवू लागले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याच्या वजनाने जमीन फुटली, असे पुष्कळजण म्हणतात. जरा हिशोब करा. १०० मीटर खोल पाण्याचा दाब सुमारे १० वातावरणांएवढा. पाच किलोमीटर खोलीवर खडकाच्या वजनानेच येणारा दाब हजार वातावरणांहून अधिक. म्हणजे पाण्याने पडलेली भर शेकडा एकाहूनही कमी! खरे काम वजनापेक्षा दुसऱ्याच मार्गाने होते. खडकांच्या भेगांतून आणि छिद्रांतून पाण्याचा दाब खोलवर पोचतो. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात म्हणूनच त्या सरकत नाहीत. भेगेतले पाणी त्यांना आतून किंचित दूर ढकलते आणि घर्षणाची पकड सैल होते. ताण आधीपासून साठलेला होता. पाण्याने फक्त घोडा दाबला.

जलाशयामुळे सुरू झालेल्या भूकंपांत कोयनेचा १९६७ चा भूकंप जगात सर्वांत मोठा मानतात. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरचे करिबा, ग्रीसमधले क्रेमास्टा आणि चीनमधले शिनफेंगच्यांग या जलाशयांपाशीही सहाहून अधिक महत्तेचे भूकंप झालेले आहेत. कोयनेच्या परिसरात तर गेली सहा दशके धक्के चालूच आहेत आणि पावसाळ्यात जलाशय भरल्यावर ते वाढतात. म्हणूनच कऱ्हाड येथे यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. त्या भागात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागले.

नकाशा मागाहून बदलतो

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे पट्टे पाडणारा नकाशा तुम्ही पाहिला असेल. कोयनेच्या आधी हा भाग जवळजवळ निर्धोक समजत. भूकंपानंतर १९७० साली नकाशा बदलला आणि कोयना वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेली. मराठवाडा मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच राहिला.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हलली. महत्ता ६.२. जगाच्या मानाने हा मध्यम प्रतीचा भूकंप. असे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी शंभराच्या वर होतात आणि त्यांतले बहुतेक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही येत नाहीत. पण किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि भोवतालची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली.

नकाशा पुन्हा बदलला. २००२ साली तर पहिला पट्टा काढूनच टाकला. म्हणजे या देशात पूर्ण निर्धास्त राहावे अशी जागा नाही, असे आपण अधिकृतपणे कबूल केले.

यातून काय शिकायचे? नकाशा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. घरे किती मजबूत बांधायची हे ठरवण्यासाठी तो हवाच. पण नकाशात प्रामुख्याने आजवर जे कळले तेवढेच असते. उद्या काय होणार आहे याची त्यात हमी नसते. "आमचा पट्टा कमी धोक्याचा आहे" हे वाक्य किल्लारीतल्या माणसालाही २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी बिनचूक म्हणता आले असते.

मग आधी सूचना का देता येत नाही?

तुम्ही म्हणाल, ठिकाण चुकले तर चुकले, पण धोक्याची काही लक्षणे तर दिसत असतील? दिसतात. कधी कधी. १९७५ च्या फेब्रुवारीत चीनमधल्या हायचेंग येथे लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोकांना घराबाहेर काढले गेले आणि ४ तारखेला मोठा भूकंप झाला. हजारो जीव वाचले. जगभर वाहवा झाली. भाकिताची किल्ली सापडली असे वाटू लागले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, त्याच देशातले तांगशान शहर कोणत्याही सूचनेवाचून जमीनदोस्त झाले. सरकारी आकड्याप्रमाणे २ लाख ४२ हजार माणसे मेली.

अमेरिकेतले पार्कफील्ड हे गाव पाहा. तिथे साधारण बावीस वर्षांनी भूकंप होतो असे दिसले, म्हणून पुढचा भूकंप १९९३ च्या आत होईल असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. उपकरणांचे जाळेच विणले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी!

आपल्याकडेही तेच. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात लहान धक्के जाणवले होते. वर्षभराने मोठा भूकंप झाला. याउलट पालघर जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून हजारो लहान धक्के बसले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. पण त्यानंतर मोठा भूकंप काही झाला नाही. सुरुवात सारखी, शेवट निराळा. मग सूचना द्यायची कशावरून? प्रत्येक धक्क्याला गाव रिकामे केले, तर चौथ्या वेळी कुणी बाहेर पडणार नाही आणि नेमका तोच खरा निघेल.

तेव्हा, अमुक तारखेला अमुक ठिकाणी भूकंप होणार, असा निरोप कुणी पाठवला तर तो खुशाल खोटा समजा. मग पाठवणाऱ्याने शास्त्रज्ञाचे नाव लावलेले असो की ज्योतिषाचे.

दोन पहाटा

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज या भागाखाली भूकंप झाला. वेळ पहाटे साडेचारची, म्हणजे तिथेही माणसे अंथरुणातच होती. महत्ता ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपट. खाली खेडी नव्हती, लाखो लोकांचे शहर होते. रस्त्यांचे पूल कोसळले, आगी लागल्या, नुकसान अफाट झाले. माणसे किती मेली? सुमारे साठ.

हे आकडे पुन्हा वाचा. पाचपट ऊर्जा आणि साठ माणसे. एक पंचमांश ऊर्जा आणि आठ ते दहा हजार माणसे. दोन्ही वेळी पहाट, दोन्ही वेळी बेसावध झोप, दोन्ही ठिकाणी आगाऊ सूचना नाही. म्हणजे "केव्हा" या प्रश्नाचे उत्तर दोघांपाशीही नव्हते. फरक पडला तो झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर काय होते, याने.

हाच तो दुसरा प्रश्न. माझ्या डोक्यावर काय आहे आणि ते कशावर उभे आहे?

किल्लारीच्या घरात डोक्यावर माळवद होते. लाकडी तुळयांवर दीड-दोन फूट जाडीची माती. ही अडाणी माणसांची चूक होती असे समजू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या मातीखाली गारवा मिळतो. दगड आणि माती गावातच मिळतात. छप्पर गळू लागले, की पावसाळ्याआधी मातीचा नवा थर घालायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे नीट चालले होते. पण हिशोब करून पाहा. ३ मीटर बाय ४ मीटरची खोली आणि अर्धा मीटर माती. एकूण सहा घनमीटर, म्हणजे सुमारे दहा टन! माल भरलेला एक ट्रक घरातल्यांच्या अंथरुणावर टांगलेला.

आता न्यूटनचा पहिला नियम आठवा. एस.टी. एकदम सुटली की उभा प्रवासी मागे कलंडतो, कारण पाय बसबरोबर जातात आणि शरीर जागीच राहू पाहते. भूकंपात घराचे पाय, म्हणजे पाया, जमिनीबरोबर जातात आणि छप्पर जागीच राहू पाहते. छप्पर जितके जड तितकी ही ओढाताण मोठी आणि ती सोसायची भिंतीने. भिंत कशी होती? दगडांचा एक थर बाहेरून, एक आतून आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन थरांना एकत्र धरून ठेवणारे काहीच नाही. हादरा बसताच दोन्ही थर सुटले, भिंत फुगून फुटली आणि वरचे दहा टन खाली आले.

म्हणून किल्लारीनंतर पुष्कळांनी दगडाचाच धसका घेतला, तो मला पटत नाही. दगड दोषी नाही. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातला, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा वेढणारा सिमेंट-काँक्रीटचा सळईयुक्त पट्टा दिला, कोपरे एकमेकांत गुंफले आणि छप्पर हलके ठेवले, तर तेच दगडी घर माणसांना बाहेर पडू देईल. अशा घराला तडे जातील. पण तडा गेलेले घर दुरुस्त करता येते. घरातले माणूस पुन्हा आणता येत नाही.

"पण आमचे घर आर.सी.सी.चे आहे!"

शहरातल्या मुलांनो, तुम्ही आता निश्चिंत होऊन हसत असाल. जरा थांबा. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि त्याच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर विटांच्या भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली नुसते कॉलम. हत्तीला बगळ्याचे पाय लावल्यासारखे! हलताना सारा ताण त्या कॉलमांवर येतो आणि तळमजलाच चिरडतो. नॉर्थरिजमध्येही ज्या एका इमारतीने सर्वाधिक बळी घेतले, तिच्या तळमजल्यावर मोटारींसाठी अशाच मोकळ्या जागा होत्या. श्रीमंत देशातही चुकीची रचना चुकीचीच ठरते.

कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा तुम्ही बांधकामावर पाहिल्या असतील. या रिंगा जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोके काँक्रीटच्या आत, गाभ्याकडे वळवलेली हवीत. टोके नुसती काटकोनात मुडपली, तर धक्क्यात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. रिंगेचे टोक आत वळवण्यासाठी कितीशी तार जास्त लागते? वीतभर. तेवढ्याने जीव वाचतो. आपल्या देशात यासाठी लिहिलेली मानके आहेत, चांगली आहेत आणि अनेक वर्षांपासून आहेत. ती पुस्तकातून उतरून सळई बांधणाऱ्या कारागिराच्या हातापर्यंत पोचत नाहीत, हे आपले दुखणे आहे.

आक्षेप

कुणी म्हणेल, "हे सारे श्रीमंतांना परवडणारे आहे. गरिबाने काय करावे?" आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. भूकंपात मरतात ते बहुधा गरीबच. पण आरपार दगडाला वेगळी किंमत पडत नाही, पडते ती गवंड्याच्या शिकवणुकीला. काँक्रीटच्या पट्ट्याला खर्च येतो, पण घराच्या एकूण खर्चात तो थोडा असतो. खऱ्या अर्थाने महाग आहे ते अज्ञान. शिवाय आधीपासून उभ्या असलेल्या लक्षावधी घरांना बळकटी देणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तिथे सरकारने हात द्यायला हवा आणि तो भूकंपाच्या आधी द्यायला हवा. नंतर दिलेल्या मदतीने घर मिळते, माणूस मिळत नाही.

दुसरा आक्षेप, "जे व्हायचे ते चुकत नाही." १९३४ साली बिहारचा भूकंप झाला तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले होते. अस्पृश्यता नष्ट व्हावी याविषयी रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्याशी पूर्ण सहमत होते, तरीही त्यांनी जाहीरपणे मतभेद नोंदवला. नैसर्गिक घटनेची कारणे निसर्गातच शोधावीत, असे त्यांचे म्हणणे. मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते. मात्र त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. भूकंपाची कारणे निसर्गात आहेत, पण भूकंपातल्या मृत्यूंची कारणे बरीचशी आपल्या बांधकामात आहेत.

शाळेपासून सुरुवात

शेवटचे म्हणणे तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास काश्मीर आणि उत्तर पाकिस्तानात ७.६ महत्तेचा भूकंप झाला. दिवस शनिवार. पाकिस्तानात शाळा भरल्या होत्या. हजारो मुले वर्गात बसल्या जागी गेली. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराला नेपाळात ७.८ महत्तेचा भूकंप झाला. तोही शनिवार. पण नेपाळात शनिवारी सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. मुलांचे प्राण सुट्टीच्या वारावर अवलंबून असावेत, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. "भूकंपाची कारणे लिहा" हा प्रश्न जरूर घाला, पण त्याच्या जोडीला एक तास वर्गाबाहेर घ्या. मुलांना शाळेच्या भिंतीपाशी उभे करा. भिंत कशाची आहे? कोपऱ्यात तडा आहे का? दारावरून पट्टा गेला आहे का? गच्चीचा कठडा डगमगतो का? पुस्तकांचे उंच कपाट भिंतीला जखडले आहे, की धक्का बसताच बाकांवर पडेल? बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे, की तिथे मोडके सामान रचले आहे? मुलांनी हे वहीत टिपावे, आकृती काढावी आणि ती यादी मुख्याध्यापकांपुढे ठेवावी. कपाट जखडायला चार स्क्रू लागतात. ते काम त्याच आठवड्यात होईल. कठड्याला वेळ लागेल. तड्यासाठी अभियंत्याला बोलवावे लागेल. पण कुणीतरी ते लिहून ठेवले, म्हणजे "आम्हाला ठाऊक नव्हते" असे कुणाला म्हणता येणार नाही.

आणि मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांची घरे येत्या दहा-वीस वर्षांत बांधली जातील. कुणी अभियंता होईल, कुणी गवंडी, कुणी सरपंच, तर कुणी नुसता घरमालक. पाया खणला जाईल त्या दिवशी हा लेख आठवा आणि विचारा, "पट्टा कुठे घालणार? रिंगांची टोके कशी वळवणार?" विचारायला लाजू नका. फरशीचा रंग कोणता हे आपण दहादा विचारतोच की!

भूपट्ट वर्षाला पाच सेंटिमीटर सरकतच राहणार. त्याला कुणी थांबवू शकत नाही आणि धक्का केव्हा देणार हे तो कुणाला सांगणार नाही. पण आपल्या डोक्यावरचे छप्पर आपणच बांधलेले असते. आज शाळेतून घरी गेलात, की जेवायला बसण्यापूर्वी एकदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहा.